घरबसल्या काय बघायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी संध्याकाळी माझा फोन वाजला की प्रश्न मला आधीच ठाऊक असतो. "काकू, या आठवड्याला काय लावूया?" भाच्याचा असतो, शहापुरातल्या मैत्रिणीचा असतो, कधी खानापूरच्या नणंदेचा. गेली काही वर्षं बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची आणि सिरीजची मी वहीत नोंद ठेवते: कुठल्या भाषेत बघितलं, घरात कोण कोण होतं, कोण मध्येच उठून गेलं. त्या वहीवरूनच ही उत्तरं लिहिली आहेत.

रिमोट हातात घेतला की तासभर शोधण्यातच जातो. यावर उपाय काय?

टीव्ही लावायच्या आधी ठरवा. टीव्हीसमोर बसून ठरवायला गेलं की काही ठरत नाही, हे मी टिळकवाडीत बहिणीच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय. रविवार होता, जेवणं आटोपली होती, फोडणीच्या चिरमुऱ्यांचा डबा मध्ये ठेवला होता. आम्ही सहाजण. रिमोट भाच्याकडे. तो एकेक पोस्टर पुढे सरकवत होता आणि प्रत्येकावर कुणीतरी "नको" म्हणत होतं. पाऊण तासाने डबा रिकामा झाला, भाऊजी बसल्या जागी झोपले आणि बहीण उठून भांडी घासायला गेली. त्या दिवशी आम्ही काहीच बघितलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात गुरुवारीच तीन नावं ठरतात. ज्याला जे सापडेल ते त्याने फोनवरच्या ॲपमध्ये वॉचलिस्टला टाकायचं. बसायच्या वेळी त्या तिघांतूनच एक उचलायचं, चौथं शोधायचं नाही. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान व्यक्ती, दोघांना एकेकदा "नको" म्हणायचा हक्क आहे.

ती तीन नावं काढताना स्वतःला तीन गोष्टी विचारा: खोलीत कोण असणार, हातात वेळ किती, आणि भाषा कोणती. सिनेमा चांगला की वाईट, हे त्यानंतर येतं. एकट्याने बघताना जो सिनेमा मनात घर करून राहील, तोच सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी शेजारी असताना दहा मिनिटांत बंद करावा लागतो.

भाषा कोणती निवडावी? सगळं हिंदीत मिळतंच की.

मिळतं, पण आपल्या भागाने हिंदीवर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या घरांत मराठी बोलली जाते, शाळेत आणि कचेरीत कन्नड कानावर पडते, बाजारात हिंदी चालते. पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या माणसाला कन्नड आणि मराठी दोन्ही मुळातून कळतील असं नाही, आपल्याला कळतात. म्हणून निवडीची सुरुवात मूळ भाषेपासून करा. मराठी सिनेमा मराठीत, कन्नड सिनेमा कन्नडमध्ये, हिंदी हिंदीत. तमिळ-मल्याळम असेल तर मूळ आवाज ठेवून खाली सबटायटल लावा.

डबिंगमध्ये नेमकं काय हरवतं ते एका संध्याकाळी कळलं. 'कांतारा' २०२२च्या ३० सप्टेंबरला कन्नडमध्ये थिएटरात आला, हिंदीत १४ ऑक्टोबरला. घरी बघायला तो प्राइम व्हिडिओवर २४ नोव्हेंबरला आला, पण कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळममध्ये. हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर आली ती ९ डिसेंबरला. हिंदीचीच वाट बघणारा पंधरा दिवस मागे राहिला. आमच्या शेजारच्या अक्का बैलहोंगलच्या, त्यांच्यासोबत आम्ही तो कन्नडमध्ये बघितला. माझ्या सासूबाईंना कन्नड बाजारापुरतं येतं. पण कोल, म्हणजे देव अंगात येण्याचा तिकडचा विधी, सुरू झाला तशा त्या पुढे सरकून बसल्या. "हे आपल्या खानापूरकडच्या कौलासारखं की गं, देव अंगात आल्यावर असाच बोलतो." अक्कांनाही दोन-तीन ठिकाणी खालच्या ओळी वाचाव्या लागल्या, कारण त्यांची कन्नड बैलहोंगलची आणि सिनेमातली किनाऱ्याकडची. दोघी एकमेकींना समजावत होत्या, एक कन्नडमधून आणि एक मराठीतून. नंतर मी सिनेमातला एक प्रसंग हिंदीत लावून बघितला. अर्थ सगळा पोचत होता, पण त्या गावाचा बोलण्याचा हेल गेला होता, आणि सासूबाईही त्या वेळी पुढे सरकल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कन्नड चित्रपटसृष्टीत कित्येक दशकं दुसऱ्या भाषेतले सिनेमे कन्नडमध्ये डब करायला विरोध होता. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्या विरोधाच्या विरुद्ध निर्णय दिला आणि मग हळूहळू वाट मोकळी झाली. म्हणून जुने तमिळ-तेलुगू सिनेमे कन्नड आवाजात फारसे सापडत नाहीत, अलीकडचे सापडतात. मराठी आवाज तर आजही थोड्याच परभाषी सिनेमांना असतो, कारण मराठी माणूस हिंदीत बघतोच असं धरून चाललं जातं. मराठी आवाज दिसला तर तो लावा. किती लोकांनी कोणता आवाज निवडला ते कंपनीला कळत असतं.

आवाज बदलायचा कसा? सिनेमा चालू असताना संवादाच्या चौकोनाचं चिन्ह दाबा, तिथे आवाजाची भाषा आणि सबटायटल वेगवेगळे निवडता येतात. नेटफ्लिक्सच्या खात्यात प्रत्येक प्रोफाइलला आवडीच्या भाषा निवडायची सोय आहे. तिथे मराठी आणि कन्नडवर खूण करून ठेवा, मग सुचवण्यांत त्या भाषा वर येऊ लागतात.

मुलाचं कन्नड सुधारावं म्हणून कन्नड सिनेमे लावले तर उपयोग होतो का?

कानाला होतो, परीक्षेला थोडाच. कन्नड आवाज आणि खाली कन्नड सबटायटल असं मिळालं तर मात्र वाचनही होतं. माझ्या भाचीला जोडाक्षरं जड जायची, तिने एक सिनेमा असा तीनदा बघितला आणि तिसऱ्या वेळी ती पडद्यावरच्या ओळी मोठ्याने वाचत होती. सगळ्या सिनेमांना कन्नड लिपीतलं सबटायटल नसतं, आधी बघून घ्या. मुलाने सिनेमा म्हणून बघावा, धडा म्हणून नव्हे. मध्ये थांबवून शब्दार्थ विचारायला लागलात तर पुढच्या वेळी तो बसणार नाही.

आपण कर्नाटकात. महाराष्ट्रात दिसतं ते सगळं आपल्याला दिसेल का?

हो. ओटीटीवरची, म्हणजे नेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या ॲपवरची, यादी देशानुसार ठरते, राज्यानुसार नाही. चंदगडच्या घरात जे दिसतं तेच हिंडलग्यात दिसतं. पहिल्या पानावरच्या रांगा वेगळ्या दिसू शकतात, कारण त्या तुमच्या बघण्यावरून लागतात. सुरुवातीला कन्नड आणि तेलुगूचीच पोस्टर्स दिसली म्हणून मराठी नाही असं समजू नका. शोधपट्टीत 'मराठी' लिहून बघा. देवनागरीत लिहून काही आलं नाही तर इंग्रजी अक्षरांत लिहा, बऱ्याच ॲपमध्ये तसं लवकर सापडतं.

फरक पडतो तो रिचार्जमध्ये. मोबाइल कंपन्यांसाठी कर्नाटक हे वेगळं सर्कल आहे, महाराष्ट्र आणि गोवा मिळून वेगळं. कोल्हापूरच्या पाहुण्याने सांगितलेली ओटीटीवाली योजना आपल्या नंबरावर असेलच असं नाही. आपल्या नंबरावर बघूनच पैसे भरा.

मराठी मालिकांसाठी कुठलं ॲप घ्यावं?

तुम्ही कुठली वाहिनी बघता त्यावर आहे. झी मराठी झी५वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता दोन्ही जिओहॉटस्टारवर, कारण १४ फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले. सोनी मराठी सोनीलिव्हवर. सन मराठी सन नेक्स्टवर, आणि तिथेच कन्नड सिनेमेही भरपूर आहेत. टीव्हीवरच बघायचं असेल तर फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमाने एकेक वाहिनी निवडून घेता येते. आपल्याकडच्या तयार पॅकमध्ये मराठी वाहिन्या कमी असतात, त्या सुट्या मागाव्या लागतात. केबलवाल्या दादांना वाहिन्यांची नावं कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलं तर एखादी राहते.

सगळी ॲप एकदम घेऊ नका. आमच्याकडे एका वेळी एक किंवा दोन असतात. एका महिन्याचे पैसे भरायचे, यादीतलं बघून घ्यायचं, आपोआप नूतनीकरण बंद करायचं आणि पुढच्या महिन्यात दुसरं घ्यायचं. वर्षाचं तेव्हाच घ्या जेव्हा घरात कुणी रोजची मालिका बघतं.

दरांची चौकशी दरवेळी नव्याने करा. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हा मोबाइलची योजना १९९ वरून १४९ रुपयांवर आली आणि बेसिक ४९९ वरून १९९वर. उलट प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या, त्या नको असतील तर वेगळे पैसे. आणि मोबाइलची योजना घेऊन ती टीव्हीवर दिसेल अशी आशा धरू नका. ही चूक दर महिन्याला कुणीतरी करतं आणि मग मला फोन येतो.

थिएटरात आलेला सिनेमा घरी किती दिवसांनी येतो?

हिंदी सिनेमाला साधारण आठ आठवडे. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची तशी अट असते. वर 'कांतारा'च्या तारखा दिल्यात त्या मोजून बघा: हिंदीत थिएटरला १४ ऑक्टोबर, घरी ९ डिसेंबर, बरोबर आठ आठवडे. दक्षिणेकडच्या भाषांत बऱ्याचदा चार आठवड्यांतच येतो. मराठीचा नेम नाही. कधी दोन महिन्यांत येतो, कधी सौदाच ठरत नाही म्हणून वर्षभर कुठेच दिसत नाही.

काही सिनेमे आधी भाड्याने मिळतात. प्राइम व्हिडिओवर भाड्याने घेतलेला सिनेमा सुरू करायला ३० दिवस असतात आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. घरात सहाजण बघणार असतील तर भाडं परवडतं, एकट्यासाठी थोडं थांबा.

'टॉप १०' मध्ये आहे म्हणजे चांगलंच असणार ना?

नाही. ते जास्त बघितलं गेलं, एवढंच त्याचं सांगणं. नेटफ्लिक्स तर सिनेमा एकूण जितके तास बघितला गेला त्याला सिनेमाच्या लांबीने भागून आकडा काढतं. तो कुणाला आवडला का, हे त्यात कुठेच येत नाही. नव्या सिनेमाची जाहिरात जोरात असते, लोक उत्सुकतेने लावतात, म्हणून पहिल्या आठवड्यात तो वर असतोच. मी तीन आठवडे थांबते. तेव्हाही लोक बोलत असतील तर यादीत घेते.

दहापैकी अमुक गुण, हे पहिल्या दोन दिवसांत बघूच नका. चाहते पैकीच्या पैकी देतात, विरोधक एक देतात, आणि मधली माणसं अजून बघतच असतात. महिन्याभराने बघा, आणि गुण किती जणांनी दिलेत तेही बघा.

ट्रेलर बघून ठरवावं का?

पहिला अर्धा मिनिट बघा आणि बंद करा. माणसं कशी बोलतात, उजेड कसा आहे, संगीत किती आदळतं, एवढं तेवढ्यात कळतं. पुढे गोष्टच सांगून टाकतात.

मग चांगलं शोधायचं कुठे?

माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे माणसांच्या मागे जाणं. एखादा सिनेमा आवडला की शेवटी नावं येतात तिथे उठू नका. दिग्दर्शक कोण, लेखक कोण, हे वहीत लिहा आणि त्याच लेखकाचं आणखी काय आहे ते शोधा. नट बघून निवडलेलं अर्ध्या वेळा फसतं, लेखक बघून निवडलेलं क्वचित. दिवाळी अंक घेताना आपण लेखकांची नावं बघूनच घेतो, तीच सवय इथे लावायची.

दुसरा मार्ग राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा. दरवर्षी सर्वोत्कृष्ट मराठी आणि सर्वोत्कृष्ट कन्नड असे वेगवेगळे पुरस्कार असतात, म्हणजे आपल्या दोन्ही भाषांची आयती यादी मिळते. २०२० या वर्षासाठी मराठीत 'गोष्ट एका पैठणीची' आणि कन्नडमध्ये 'डोळ्ळु'. २०२१ साठी 'एकदा काय झालं' आणि '७७७ चार्ली'. २०२२ साठी मराठीत 'वाळवी', २०२३ साठी 'श्यामची आई'. यातला 'वाळवी' पोट धरून हसवतो आणि तरी जीव टांगणीला लावतो, '७७७ चार्ली' घरात कुत्रं असेल त्यांनी हातरुमाल जवळ ठेवून बघावा. पुरस्काराचं सगळंच प्रत्येकाला रुचेल असं नाही, पण अशा यादीतलं फेकाऊ निघत नाही.

संथ सिनेमांना लोक घाबरतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आहे. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्याची गोष्ट. बेळगाव-धारवाडच्या या पट्ट्यात गाण्याच्या बैठका ऐकत वाढलेली माणसं घरोघरी आहेत, त्यांना हा सिनेमा संथ वाटणार नाही. माझ्या सासऱ्यांनी तो एका बैठकीत बघितला, मध्ये चहासुद्धा मागितला नाही. त्याच सिनेमाला माझा मुलगा वीस मिनिटांत कंटाळला. दोघांचंही बरोबर होतं. मुलाला विचारून सासऱ्यांसाठी सिनेमा निवडू नये, इतकंच मी यातून शिकले.

मुलांसमोर लावायचं की नाही, हे आधी कसं कळणार?

कोपऱ्यातलं वयाचं लेबल वाचा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवर पाच गट आणले: सगळ्यांसाठी 'यू', मग 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि प्रौढांसाठी 'ए'. लेबलासोबत कारणही द्यावं लागतं, हिंसा, शिव्या, नग्नता, व्यसन असं काहीतरी. लोक आकडा वाचतात आणि कारण सोडून देतात, खरं तर कारणच महत्त्वाचं. १३+ भीतीमुळे असेल तर आमच्या घरात चालतं, शिव्यांमुळे असेल तर सासूबाईंसमोर चालत नाही. प्रत्येक घराची रेघ वेगळी असते.

१३+ आणि त्यावरच्या गटांना कुलूप लावायची सोय ॲपने द्यायलाच हवी असा नियम आहे. ती वापरा. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन म्हणून स्वतःचं जन्मवर्ष ठेवू नका, मुलं पहिल्यांदा तेच दाबून बघतात.

वेब सिरीजच्या बाबतीत पहिला भाग साधा असतो आणि चौथ्या भागात भलतंच येतं, असं होतं. मुलांसोबत बघायची सिरीज मी आधी एकटीने बघते, किमान मधला एक भाग. वेळ जातो, पण सगळ्यांच्या मध्ये बसून रिमोट शोधत धावण्यापेक्षा ते बरं. आमच्याकडे एकदा रिमोट सोफ्याच्या फटीत अडकला होता आणि तो सापडेपर्यंतची दोन मिनिटं संपता संपत नव्हती.

सिरीज लावावी की सिनेमा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामावर जायचं असेल तर सिनेमा. सिरीज सुरू करण्याआधी भाग किती, एकेक किती मिनिटांचा, आणि गोष्ट या सीझनमध्ये संपते का, हे बघा. आठ भाग पन्नास-पन्नास मिनिटांचे म्हणजे जवळजवळ सात तास. तेवढ्यात तीन सिनेमे होतात. अर्धवट गोष्टीवर संपणारी आणि पुढचा सीझन जाहीर न झालेली सिरीज मी हातात घेत नाही.

अर्धाच बघून सोडला तर चालतं का?

खुशाल सोडा. भाचा म्हणतो, "मी अर्धाच बघितलो, आता संपवलं पाहिजे." का पाहिजे? सिनेमाला वीस-पंचवीस मिनिटं द्या, सिरीजला दोन भाग. एवढ्यात एकाही माणसाची काळजी वाटली नाही तर थांबा. मात्र 'बघणं चालू ठेवा' च्या रांगेतून तो काढून टाका, नाहीतर ॲप तुम्हाला तसलंच सुचवत राहतं. नेटफ्लिक्सवर खात्यातल्या बघितल्याच्या यादीतूनही एखादं नाव लपवता येतं.

सगळे मिळून एकाच प्रोफाइलवर बघत असाल तर सुचवण्या बिघडणारच. आजोबांची भजनं, मुलांची कार्टून आणि तुमच्या खुनाच्या गोष्टी एकाच यादीत गेल्या की ॲपने काय सुचवावं? प्रोफाइल वेगळी करा.

आईला सबटायटल वाचता येत नाहीत. तिच्यासाठी काय?

मराठी किंवा तिला कळणाऱ्या भाषेचा आवाज, आणि कमी माणसांची गोष्ट. दहा पात्रं आणि मागे-पुढे उड्या मारणारा काळ असला की वयस्क माणसं विचारत राहतात आणि विचारायचा संकोच वाटून मग गप्प होतात. सरळ एका वाटेने जाणारी गोष्ट निवडा.

ऐकू कमी येत असेल आणि वाचता येत असेल, तर मराठी सिनेमालाही सबटायटल लावा. आमच्या वडगावात यंत्रमाग चालू असतात. खिडकी उघडी असली की त्या खडखडाटात निम्मे संवाद ऐकूच येत नाहीत. उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवणं शक्य नाही. म्हणून आम्ही मराठी सिनेमासुद्धा खाली अक्षरं लावून बघतो, आणि त्याचं आता कुणाला काही वाटत नाही.

खानापूरकडे पावसाळ्यात नेट टिकत नाही. कसं बघायचं?

आधीच उतरवून ठेवा. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. गणपतीला गावी जाताना मी बेळगावातच घरच्या वायफायवर फोनमध्ये दोन सिनेमे डाउनलोड करते. त्यांना मुदत असते हे लक्षात ठेवा. प्राइम व्हिडिओवर बहुतेक डाउनलोड ३० दिवस टिकतं आणि बघायला सुरुवात केली की ४८ तास. नेटफ्लिक्सवर काहींची मुदत जेमतेम आठवड्याची. म्हणून आदल्या दिवशीच उतरवा आणि गावी पोचायच्या आधी विमान मोड लावून एकदा चालवून बघा.

मोबाइल डेटावर बघणाऱ्यांसाठी अंदाज असा: साध्या दर्जाला तासाला साधारण १ जीबी, एचडीला ३ जीबी, ४केला ७ जीबी. फोनच्या लहान पडद्यावर साधा दर्जा पुरतो. एचडीसाठी ५ एमबीपीएस वेग लागतो, ४केसाठी १५. घरात वेग असून सिनेमा अडकत असेल तर राऊटर कुठे आहे ते बघा. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींमागे सिग्नल मरतो. माळ्यावर ठेवलेला राऊटर खाली माजघरात आणला आणि नणंदेचा प्रश्न सुटला, नवीन कनेक्शन घ्यावंच लागलं नाही.

टेलिग्रामवर लिंक आली आहे. बघू का?

नको. सिनेमाची चोरटी नक्कल काढणं आणि पसरवणं यासाठी २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. लिंक पुढे पाठवणाऱ्यानेही दोनदा विचार करावा. शिवाय "हे ॲप टाका मग दिसेल" म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी) येते, ती फोनमधले बँकेचे मेसेज वाचू शकते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला सगळा फोन पुसून काढावा लागला. मराठी सिनेमाचं तर घरी बघणाऱ्यांकडून मिळणारं उत्पन्न मुळात थोडं, ते तरी त्याच्यापर्यंत जाऊ द्या.

पैसे न देता चांगलं काही मिळेल का?

पुष्कळ. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केलं, त्यात दूरदर्शनचा जुना ठेवा आहे आणि बराचसा मोफत. यूट्यूबवर निर्मात्यांनी स्वतःच्या वाहिनीवर टाकलेले जुने मराठी आणि कन्नड सिनेमे आहेत, फक्त वाहिनी अधिकृत आहे ना ते बघा. सासूबाईंची दुपार त्यावरच जाते.

मराठी सिनेमा घरी येईपर्यंत थांबावं की थिएटरात जावं?

आपल्या गावात लागला असेल तर जावं, आणि पहिल्याच आठवड्यात. आपल्याकडे मराठी सिनेमाला खेळ मोजके मिळतात, कधी दिवसात एकच, तोही गैरसोयीच्या वेळी, आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या की तो खेळही जातो. गेल्या वर्षी आम्ही गल्लीतल्या नऊ बायकांनी मिळून शनिवारी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. आधी फोन करून विचारलं, तर "गर्दी असेल तर ठेवू" असं उत्तर मिळालं. आम्ही गेलो, खेळ झाला, आणि पुढच्या शनिवारीही तो लागला. न लागलेल्या सिनेमांची नावं मात्र वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. ती घरी कुठल्या ॲपवर येतात ते मी दर गुरुवारी तपासते, आणि आली की शुक्रवारच्या फोनची वाट न बघता सगळ्यांना कळवते.